कंठ आणि कॅमेरा : 'नंदनार' या तमिळ संगीतनाट्याचे पडद्यावरील अवतार

इटालियन भाषेतील 'बेल कांतो' या शब्दांचा सरळ अर्थ 'सुंदर गायन' असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रॉसिनी, बेलिनी आणि डोनिझेत्ती या तीन संगीतकारांनी रचलेल्या ऑपेरांना ही संज्ञा विशेषेकरून लावली जाते. या ऑपेरांत कथा असते, वेश असतात, देखावे असतात. परंतु प्रेक्षक नाट्यगृहात येतो तो गाणाऱ्याच्या गळ्यासाठी. नायिका प्रथम एक संथ पद गाते. त्यानंतर रंगभूमीवर काहीतरी घडते, एखादा निरोप येतो किंवा एखादी आशा पल्लवित होते, आणि तीच नायिका एक जलद पद गाते. हे जलद पद दोनदा गावयाचे असा संकेत होता. पहिल्या वेळी संगीतकाराने लिहिले असेल तसे, आणि दुसऱ्या वेळी गायिकेने स्वतःच्या ताना, हरकती व मुरक्या घालून. त्या अवधीत कथानक जागच्या जागी थांबते. मराठी रसिकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. 'वन्स मोअर'च्या आरोळीसरशी शकुंतला किंवा भामिनी पुन्हा तेच पद सुरू करी आणि रंगमंचावरील इतर पात्रे निमूटपणे उभी राहत, हा देखावा महाराष्ट्राने अनेक वर्षे पाहिलेला आहे.

अशा नाट्यप्रकारात काळावर हुकमत असते ती गायकाची. चित्रपटाचा कारभार याच्या अगदी उलट आहे. तेथे काळ संकलकाच्या कात्रीच्या स्वाधीन असतो. एकच चेहरा पाच मिनिटे पडद्यावर राहिला की प्रेक्षक चुळबुळू लागतो, आणि तो चेहरा तार षड्जावर ताणलेला असेल तर त्याची शोभा काही वाढत नाही. म्हणून गायनप्रधान नाटक पडद्यावर आणताना निर्मात्यापुढे एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांनी उभा राहतो : गाण्यासाठी चित्र थांबवावयाचे की चित्रासाठी गाणे तोडावयाचे?

इटलीत हा प्रश्न युद्धसमाप्तीनंतर लगेचच मारिओ कोस्ता या दिग्दर्शकाने हाताळला. रॉसिनीचा 'सेव्हिलचा न्हावी' हा ऑपेरा १८१६ साली रोममध्ये प्रथम रंगभूमीवर आला होता. १९४६ साली कोस्ताने त्याचा चित्रपट केला. फेर्रुचो ताल्याविनी, तीतो गोब्बी, नेल्ली कोर्रादी, ईतालो तायो हे सर्व पट्टीचे गायक होते, आणि पडद्यावर दिसले तेही तेच. ज्याचा गळा त्याचाच चेहरा, हे तत्त्व त्या चित्रपटात पाळले गेले. गोब्बीला चित्रपटातील अभिनयाचाही सराव होता, हे कोस्ताचे भाग्य. पुढे हे तत्त्व सैल झाले. १९५३ साली व्हेर्दीच्या 'आयदा'चा चित्रपट निघाला तेव्हा पडद्यावर सोफिया लॉरेन वावरत होती आणि गात होती रेनाता तेबाल्दी.

परंतु ऑपेरा पडद्यावर आणण्याची ही खटपट एकट्या युरोपचीच होती असे समजणे चुकीचे ठरेल. कोस्ताच्या चित्रपटापूर्वी अकरा वर्षे, म्हणजे १९३५ साली, दक्षिण भारतात एका अस्सल देशी संगीतनाट्याचा बोलपट निघाला. सात वर्षांनी मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, त्याच नाट्याचा पुन्हा बोलपट तयार झाला. ते नाट्य म्हणजे गोपालकृष्ण भारती यांचे 'नंदनार चरित्रम्'. या दोन चित्रपटांची कथा एकत्र वाचली म्हणजे वर मांडलेला प्रश्न चांगला उलगडतो. शिवाय हेही ध्यानात येते की तमिळनाडूत तो केवळ गाण्याचा प्रश्न नव्हता.

नंदन हा तमिळ शैव परंपरेतील त्रेसष्ट नायनार संतांपैकी एक. त्याचे चरित्र बाराव्या शतकात सेक्किळार या कवीने 'पेरियपुराणम्' या ग्रंथात गायिले आहे. चोळ देशातील आदनूर गावी, अस्पृश्य मानल्या गेलेल्या पुलैयर वस्तीत तो जन्मला. शिवमंदिरांतील वाद्यांसाठी चामडे व वाद्या, वीणेसाठी तातीच्या तारा आणि पूजेसाठी गोरोचन पुरविणे हे त्याचे काम. ज्या मृदंगाच्या नादात देवाची आरती होई, त्या मृदंगाचे कातडे नंदनाच्या हातचे असे; मात्र तो नाद त्याने ऐकावयाचा तो देवळाच्या भिंतीबाहेरून. तिरुप्पुंगूर येथे तो दर्शनास गेला असता मध्ये नंदीची भव्य मूर्ती आड आली. तेव्हा शिवाने नंदीला बाजूस सरावयास सांगितले, अशी आख्यायिका आहे. चिदंबरमला जाऊन नटराजाचे दर्शन घ्यावे ही त्याची आस. परंतु आपली पायरी ओळखून तो रोज 'उद्या जाईन' असे म्हणत राही. त्यामुळे 'तिरुनाळैप्पोवार', म्हणजे 'उद्या जाणारा', हेच त्याचे नाव पडले. अखेर तो चिदंबरमला पोहोचला, अग्नीत प्रवेश करून तेजस्वी मुनीच्या रूपाने बाहेर आला आणि गाभाऱ्यात जाऊन अदृश्य झाला. महाराष्ट्रातील वाचकाला येथे चोखामेळ्याचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. चोखोबांची समाधी आजही पंढरपूरच्या महाद्वाराशी, मंदिराच्या बाहेरच आहे.

गोपालकृष्ण भारती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नागपट्टणमनजीकच्या नरिमणम गावी ब्राह्मण कुटुंबात जन्मले. तंजावरवर त्या वेळी भोसल्यांचे राज्य होते, आणि मराठी राजघराण्याच्या आश्रयाने त्या प्रदेशात कर्नाटक व हिंदुस्थानी या दोन्ही संगीतपद्धती नांदत होत्या. तिरुविडैमरुदूर येथील मराठी दरबाराच्या सान्निध्यात भारतींनी रामदास नावाच्या गवयाकडून हिंदुस्थानी गाणे आत्मसात केले. तमिळ प्रदेशातील कथाकालक्षेप या प्रकारावर मराठी कीर्तनाचा जो ठसा उमटला तोही याच भूमीत. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी रचनाप्रकार तमिळ व तेलुगू कथेकऱ्यांनी आपलेसे केले आणि ते याच नावांनी तिकडे आजही ओळखले जातात. महाराष्ट्रात संगीत नाटकाने कीर्तनाकडून बरेच काही घेतले. तमिळनाडूत तीच देवघेव दुसऱ्या वाटेने झाली, एवढे या ठिकाणी नोंदवून पुढे जावे हे बरे.

'नंदनार चरित्रम्' हे नाट्य १८६१-६२च्या सुमारास कारैकाल या फ्रेंच अमलाखालील गावी, तेथील एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या पुढाकाराने छापून निघाले. कथेकऱ्याने एकट्याने उभे राहून सर्व पात्रांची पदे गावीत, अशी त्याची मूळ रचना आहे; परंतु संवाद जवळजवळ सर्वस्वी पदांतूनच चालत असल्याने त्याला ऑपेरा म्हणण्यास प्रत्यवाय नाही. मूळ पुराणात भारतींनी एक महत्त्वाची भर घातली. सेक्किळारच्या नंदनाला मालक नाही. भारतींचा नंदन हा शेतावर राबणारा वेठबिगार आहे आणि त्याच्या डोक्यावर एक ब्राह्मण जमीनदार आहे. तमिळमध्ये त्याला केवळ 'वेदियर' असे म्हटले आहे. नंदन चिदंबरमला जाण्याची परवानगी मागतो. वेदियर त्याला झिडकारतो आणि शेवटी अट घालतो : चाळीस वेली शेताची सुगी एका रात्रीत पुरी कर आणि मग जा. शिवाचे गण रातोरात ते काम उरकतात आणि सकाळी धान्याच्या राशी पाहून वेदियर नंदनाच्या पायांवर लोळण घेतो. हा वेदियर पुराणात नाही, तो कावेरीकाठच्या प्रत्यक्ष जीवनातून आलेला आहे. नाट्यातील सारा ताण त्याच्यामुळेच निर्माण होतो.

पंडितांना हे रुचले नाही. त्या काळचे थोर विद्वान मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे भारती आपल्या ग्रंथासाठी अभिप्रायपर श्लोक मागावयास गेले असता, भाषा व्याकरणशुद्ध नाही आणि कथा पुराणाला सोडून आहे या कारणांनी पिळ्ळै टाळाटाळ करीत राहिले. एके दिवशी दुपारी पिळ्ळै विश्रांती घेत असताना भारती ओसरीवर बसून आपलेच एक पद स्वतःशी गुणगुणू लागले. आत पडून ते ऐकणाऱ्या पंडिताचे डोळे भरून आले आणि त्यांनी श्लोक लिहून दिला. पिळ्ळै यांचे शिष्य व पुढे 'तमिळचे पितामह' म्हणून मान्यता पावलेले उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी ही हकीकत नमूद केली आहे. व्याकरण जेथे हरले तेथे गळा जिंकला. बेलिनीच्या भोक्त्यांना यात परके असे काही वाटणार नाही.

तमिळ बोलपट १९३१ साली सुरू झाला. प्रारंभीच्या काळात मद्रासमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असलेला स्टुडिओ नव्हता. तो १९३४ साली झाला. तोवर, आणि त्यानंतरही काही काळ, तमिळ चित्रपटांची मंडळी मुंबईस किंवा कलकत्त्यास जाऊन चित्रीकरण करीत. विषय बहुधा गाजलेल्या संगीत नाटकांतून घेतलेले असत. १९३४ सालचा 'पवळक्कोडी' हा टिकून राहिलेल्या अतिशय जुन्या तमिळ बोलपटांपैकी एक. त्यात पन्नासच्या आसपास गाणी आहेत. अशा वातावरणात 'नंदनार' पडद्यावर येणे अपरिहार्यच होते. या कथेवर मूकपटही निघून गेले होते, मात्र मूक नंदनार म्हणजे गाभाऱ्यावाचून देऊळ.

१९३५च्या बोलपटात नंदनाची भूमिका के. बी. सुंदरांबाळ यांनी केली. कावेरीकाठच्या कोडुमुडी या गावी १९०८ साली जन्मलेली ही गायिका-नटी तमिळ रंगभूमीवर आपल्या उंच पट्टीच्या, भरदार आवाजासाठी विख्यात होती. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात, उघड्या मांडवात, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा तो आवाज होता. त्यांचे पती एस. जी. किट्टप्पा हेही तितकेच लोकप्रिय गायक नट होते. १९३३च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, किट्टप्पा निवर्तले. सुंदरांबाळ यांनी पांढरे वस्त्र परिधान केले आणि यापुढे कोणत्याही पुरुष नटाच्या जोडीने काम करावयाचे नाही असा निश्चय केला. आसनदास या निर्मात्याने त्यांना एक लाख रुपये देऊ केले. त्या काळी भारतीय चित्रपटसृष्टीत ही रक्कम अभूतपूर्व होती. पण निश्चय न मोडता भूमिका स्वीकारण्याचा मार्ग पैशाने नव्हे, तर नंदनाने खुला केला : पुरुषाचीच भूमिका घेतली म्हणजे पुरुषाची नायिका होण्याचा प्रश्नच उरत नाही.

स्त्रीने पुरुष व्हावे ही बाब बेल कांतोच्या जगातही सर्वमान्य होती. रॉसिनीच्या १८१३ सालच्या 'तान्क्रेदी'चा वीर नायक एका स्त्रीनेच गावयाचा आहे. बेलिनीने १८३० साली रोमिओ-जूलिएटची कथा रचली तेव्हा रोमिओची पदे जुदित्ता ग्रीझी या गायिकेसाठी लिहिली. श्रोते डोळ्यांना फसवू देत, कारण कान तृप्त होत असत. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांमुळे याच्या उलट बाजूचा अनुभव मिळाला. परंतु रंगभूमी आणि प्रेक्षक यांच्यामध्ये दिव्यांचा झोत आणि पंचवीस-तीस फुटांचे अंतर असते. कॅमेरा हे अंतर ठेवीत नाही.

सुंदरांबाळ यांच्यासमोर वेदियराच्या भूमिकेत उभे होते महाराजपुरम् विश्वनाथ अय्यर, कर्नाटक संगीतातील अग्रगण्य गायकांपैकी एक. दिग्दर्शक माणिकलाल टंडन हे अमेरिकेत चित्रपटकलेचे शिक्षण घेऊन आलेले. थोडक्यात, दोन असामान्य गळे, चाळीसच्या आसपास गाणी आणि एक सुशिक्षित दिग्दर्शक अशी ही जुळणी होती. पार्श्वगायनाचा तमिळ चित्रपटात अद्याप शिरकाव झालेला नव्हता. गाणाऱ्याने कॅमेऱ्यासमोरच गावयाचे, साथीदारांनी चौकटीच्या बाहेर बसून वाजवावयाचे, आणि वर टांगलेल्या मायक्रोफोनने दोन्ही एकदमच टिपावयाचे, अशी त्या काळची रीत होती. गायक मायक्रोफोनपासून दूर सरला की आवाज बारीक होई. त्यामुळे तो एका जागी खिळून राही. एखादी तान चुकली किंवा कावळा ओरडला तर सारे पद पुन्हा आरंभापासून गावे लागे. ज्या माध्यमाचे बळ हालचालीत आहे, त्याच माध्यमात यंत्राने गायकाला जखडून टाकले होते. रंगभूमीवर सुंदरांबाळ जेवढ्या मोकळ्या फिरत, तेवढ्याही त्यांना पडद्यावर फिरता येणे शक्य नव्हते.

परिणाम व्हावयाचा तो झाला. 'आनंद विकटन' या साप्ताहिकातून कल्की कृष्णमूर्ती यांनी चित्रपटाची जी हजेरी घेतली ती तमिळ पत्रकारितेत प्रसिद्धच आहे. प्रमुख नटांपेक्षा ताडाची झाडे, म्हैस आणि बकरा यांची कामे सरस वठली आहेत, असा त्यांचा शेरा होता. शेऱ्यातील खवचटपणा बाजूस ठेवला तर त्यात एक मार्मिक निरीक्षण दडलेले आहे. झाड आणि म्हैस यांना आपण कॅमेऱ्यापुढे आहोत याची जाणीव नव्हती. गायकांना ती क्षणोक्षणी होती. एक लाख रुपयांची ती नवलाई पाहावयास लोक गेले, पण चित्रपटाला अपेक्षित यश लाभले नाही. सुंदरांबाळ यांच्या गाण्यांना मात्र कोणी नावे ठेवली नाहीत.

योगायोगाची गोष्ट अशी की त्याच १९३५ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'धर्मात्मा' प्रदर्शित झाला. व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली बालगंधर्वांनी त्यात संत एकनाथांची भूमिका केली. आयुष्यभर स्त्रीभूमिका करणारा नट पडद्यावर पुरुष संत झाला, तर तिकडे एक नटी पुरुष संत झाली. दोन्ही चित्रपटांचा विषय अस्पृश्यता. दोहोंच्या पाठीशी रंगभूमीवरील अद्वितीय कीर्ती. 'धर्मात्मा'चे मूळ नाव 'महात्मा' होते. ते गांधीजींकडे अंगुलिनिर्देश करते म्हणून सेन्सॉरने बदलावयास लावले. ज्या प्रेक्षकाने बालगंधर्वांना शालूत पाहिले होते त्याला एकनाथांच्या वेशातील ते मनोमन पटले नाहीत, आणि बालगंधर्व व प्रभात यांची भागीदारी त्या एका चित्रपटावरच संपली. मद्रास आणि पुणे ही दोन केंद्रे परस्परांपासून शेकडो मैल दूर. पण ती एकाच वर्षी एकाच दगडाला ठेचाळली.

अस्पृश्यतेचा विषय त्या काळी केवळ पुराणातला नव्हता. १९३१-३२ साली गुरुवायूरच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला. १९३३-३४ मध्ये गांधीजींच्या हरिजन दौऱ्याने दक्षिण ढवळून निघाली. नोव्हेंबर १९३६ मध्ये त्रावणकोरच्या महाराजांनी सर्व हिंदूंना आपल्या संस्थानातील देवळे खुली केली. ८ जुलै १९३९ रोजी ए. वैद्यनाथ अय्यर यांनी काही हरिजनांना व एका नाडार कार्यकर्त्याला बरोबर घेऊन मदुरेच्या मीनाक्षी मंदिरात प्रवेश केला, आणि त्याच वर्षी मद्रास प्रांतात त्यासंबंधीचा कायदा झाला. महाराष्ट्रात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे तमिळनाडूतील या घटनांचे मोल कळते. १९३५ साली 'नंदनार' पाहणारा प्रेक्षक आणि १९४२ साली तो पाहणारा प्रेक्षक यांच्या मधली ही सात वर्षे अशी होती. पहिल्याच्या दृष्टीने देवळाबाहेर तिष्ठणारा नंदन ही रोजच्या व्यवहारातील गोष्ट होती. दुसऱ्याला निदान कायद्याच्या पुस्तकात तरी तिचे उत्तर सापडत होते.

१९४२चा 'नंदनार' जेमिनी स्टुडिओचा. जेमिनीचे मालक एस. एस. वासन हेच 'आनंद विकटन'चेही मालक होते. ज्या साप्ताहिकाने आधीच्या चित्रपटाची खिल्ली उडविली त्याच्याच मालकाने तो विषय पुन्हा हाती घ्यावा, यात धाडस होते आणि अभ्यासही होता. आगीत जळालेला एक स्टुडिओ वासन यांनी सुमारे शहाऐंशी हजार रुपयांना लिलावात घेतला होता आणि त्याला नवे नाव दिले होते. मद्रासमध्ये आता सुसज्ज ध्वनिमुद्रण होते, गाणे आधी मुद्रित करून मग चित्रीकरण करण्याची सोय होती, आणि गायकाचे पाय मोकळे झाले होते. मुरुगदास यांनी दिग्दर्शन केले. वेदियर झाले सेरुकळत्तूर सामा, आणि नंदन झाले एम. एम. दंडपाणी देशिकर.

देशिकरांची निवड ही या चित्रपटाची गुरुकिल्ली म्हणावी लागेल. ते ओदुवार घराण्यातले, म्हणजे शिवमंदिरात तेवारम् स्तोत्रे गाण्याची परंपरा असलेल्या कुळातले. त्यांच्या गळ्यात मैफलीची चमक कमी आणि स्तोत्राचा ठाव अधिक. शब्द स्पष्ट, स्वर भरीव, अलंकार बेताचे. १९४१ साली चिदंबरम येथे राजा अण्णामलै चेट्टियार यांच्या पुढाकाराने तमिळ संगीत परिषद भरली होती आणि मैफलीत तेलुगू व संस्कृत कृतींबरोबर तमिळ पदांनाही मानाचे स्थान हवे असा आग्रह सर्वत्र धरला जात होता. या चळवळीच्या ऐन भरात देशिकरांचा नंदन आला. भारतींच्या निवडक पदांच्या जोडीला पापनाशम् शिवन् आणि कोत्तमंगलम् सुब्बू यांची नवी पदे चित्रपटासाठी लिहिली गेली. बेल कांतोच्या भाषेत सांगावयाचे तर, दुसऱ्या आवर्तनातील ताना गाळून पहिले साधे आवर्तन तेवढे ठेवले गेले. चित्रपट लोकांना आवडला. देशिकर पुढे अण्णामलै विद्यापीठात संगीताचे अध्यापन करू लागले. ते विद्यापीठ चिदंबरमलाच आहे.

तथापि, हा व्यवहार सर्वस्वी लाभाचा झाला असे म्हणता येणार नाही. भारतींच्या रचनेत नंदन वेदियराकडे परवानगी मागतो ती एकदा नव्हे, पुनःपुन्हा. प्रत्येक वेळी नव्या रागात, नव्या शब्दांत. ऐकणाऱ्याला वाटते, किती वेळा हा मागणार आहे? नेमके हेच त्या रचनेचे मर्म आहे. 'उद्या जाईन' म्हणणाऱ्या माणसाचे आयुष्य पुनरावृत्तीतच गेलेले असते, आणि ती पुनरावृत्ती श्रोत्याला सोसावी लागते तेव्हाच त्याला नंदनाचे तिष्ठणे समजते. चित्रपट ही पदे निवडून घेतो, गाळतो, आखूड करतो. त्यामुळे कथा वेगाने चालते, पण तिष्ठणे उणावते. १९३५च्या चित्रपटाने सर्व काही ठेवले आणि प्रेक्षक गमावला. १९४२च्या चित्रपटाने प्रेक्षक मिळविला, परंतु ज्या कालावधीवर ते नाट्य उभे होते तो त्याला सोडून द्यावा लागला. या दोहोंत श्रेष्ठ कोणता, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र दुसऱ्याचे यश सांगताना त्याची किंमत सांगावयास विसरू नये.

पुढे युद्धामुळे ही कात्री आणखीच धारदार झाली. कच्च्या फिल्मची टंचाई पडली आणि १९४३ पासून चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांवर जाता कामा नये असा सरकारी निर्बंध आला. मिनिटाला नव्वद फूट या हिशेबाने ही जेमतेम दोन तासांची मर्यादा होते. एकेका चित्रपटात चाळीस-पन्नास पदे घालण्याचा काळ अशा रीतीने सरकारी आज्ञेनेच आटोपला. याच मर्यादेत १९४५ साली 'मीरा' तयार झाला. एम. एस. सुब्बुलक्ष्मी मीरेच्या भूमिकेत, आणि दिग्दर्शक एलिस डंगन हा अमेरिकन. माणिकलाल टंडन यांचा अमेरिकेतील सहाध्यायी व त्यांच्याच सोबतीने १९३५ साली भारतात आलेला. डंगनने चित्रीकरणापूर्वी सुब्बुलक्ष्मींच्या मुखाचा प्लास्टरचा पुतळा करवून घेतला आणि छायालेखक जितेन बॅनर्जी यांच्यासह त्यावर निरनिराळ्या कोनांतून प्रकाश टाकून पाहिला. गाताना हा चेहरा कोणत्या उजेडात कसा दिसेल, याचा अभ्यास गायिका स्टुडिओत येण्यापूर्वीच होऊन गेला होता. एका पदात बाल मीरा गाऊ लागते आणि पद संपण्याच्या आत ती तरुण मीरा झालेली असते. मधली सारी वर्षे सुरांतच सरून जातात. रंगभूमीला हे साधणे शक्य नव्हते. गाण्यासाठी चित्र थांबविणे किंवा चित्रासाठी गाणे तोडणे या दोन वाटांखेरीज गाण्याच्याच वेगाने चित्र चालविणे ही तिसरी वाटही आहे, हे येथे प्रथम स्पष्टपणे दिसले. दहा वर्षांपूर्वी सुंदरांबाळ यांच्या वाट्याला असा दिग्दर्शक व अशी यंत्रसामग्री आली असती तर काय झाले असते, हा विचार मनात येतोच. त्यांना तशी संधी मिळाली ती फार उशिरा, १९५३ साली, जेमिनीच्याच 'औवैयार'मध्ये. वृद्ध कवयित्रीची ती भूमिका त्यांच्या आवाजाला आणि वैधव्याच्या व्रताला सारखीच शोभली.

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती पेट घेई, चिकट होई, भुकटी होई. शिवाय तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी जुन्या प्रती वितळविल्याही जात. तमिळमधील पहिल्या दशकातील बहुसंख्य बोलपट अशा रीतीने नाहीसे झाले. १९३५च्या 'नंदनार'चाही समावेश त्यांतच होतो. देशिकरांचा 'नंदनार' मात्र पाहावयास मिळतो. जेमिनी स्टुडिओ राहिला नाही. त्याचे नाव चेन्नईकरांच्या तोंडी उरले आहे ते शेजारच्या, १९७३ साली बांधलेल्या उड्डाणपुलामुळे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला आपला अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. तमिळ, हिंदी आणि मराठी भूमीतील तीन नावे त्यांनी एका ओळीत ठेवली. भारतींची पदेही मागे पडलेली नाहीत. 'वरुगलामो' हे मांजी रागातील पद त्यांतले सर्वांत परिचित. देवळाच्या उंबऱ्याशी उभा राहून नंदन त्यात विचारतो की, मी जवळ यावे काय? डिसेंबर-जानेवारीच्या मार्गळी महोत्सवात चेन्नईच्या सभागृहांतून ते पद गायिले जाते. वेदियर नाही, सुगी नाही, अग्नी नाही. पुढे फक्त गायक, व्हायोलिन आणि मृदंग. गायक ती ओळ चार वेळा, सहा वेळा, दर वेळी निराळ्या अंगाने घेतो, आणि श्रोते मांड्यांवर ताल धरून ऐकत राहतात.